तेच म्हणा की

पेटीच्या खोक्यात, भात्याच्या मागं, चार बोटांची जागा उरते. तिथं मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं चिठ्ठ्या ठेवत आलोय. कार्यक्रम रंगात आलेला असतो, बुवा डोळे मिटून गात असतात, आणि अंधारातून एक हात पुढं येऊन पेटीवर कागद ठेवून जातो. लग्नपत्रिकेची मागची बाजू, शाळेच्या वहीचं पान, देणगीच्या पावतीचा अर्धा तुकडा, निपाणीकडं गेलो तर विडीच्या पुडक्यावरचा कागद. चिठ्ठी वाचायचं काम माझं. दोन ओळींमध्ये बुवा श्वास घेतात तेवढ्यात कानाशी जाऊन सांगायचं, "तेच."

नाव सांगावं लागत नाही. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर तीच पाच-सहा गाणी असतात. कुणी नुसतं 'तीर्थ' लिहितं, कुणी 'भीमसेन', कुणी 'ते शेवटचं भैरवीचं'. एकानं तर 'आमच्या अण्णाला आवडायचं ते' असं लिहिलं होतं. त्याचा अण्णा कोण, त्याला काय आवडायचं, आम्हाला कुठलं ठाऊक? तरी बुवांनी 'तीर्थ विठ्ठल' घेतलं आणि पुढच्या रांगेतला एक माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला.

बुवा बेळगावातल्या वडगावचे. घरात चार यंत्रमाग होते, आता दोन चालतात. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, बनवायचो. सागवानाचे, पुढं पुढं अॅल्युमिनियमचे. रात्री आम्ही दोघं, एक तबलजी, दोन टाळकरी, एवढे ट्रॅक्स गाडीत बसून खानापूर, चिकोडी, हुक्केरी, बैलहोंगल, जिथून बोलावणं येईल तिथं. सप्ताह, गणपती, कोजागिरी, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. मैफलीचे गवई आम्ही कधीच नव्हतो. पण रागदारी शिकलेला माणूस अभंगाच्या पट्टीत अडकला की आतून काय होतं, ते मी एका हाताच्या अंतरावरून पाहिलंय.

साथीदाराची जागा मोठी मजेची. आमच्या बेळगावात पेटी म्हटलं की रामभाऊ विजापुऱ्यांचं नाव निघतं. 1917 साली कागवाडला जन्मलेला हा माणूस 2010 पर्यंत होता, आणि या गावातली पेटी वाजवणारी बोटं या ना त्या वाटेनं त्यांच्यापाशी पोचतात. माझीही त्यातलीच, फार लांबच्या वाटेनं. साथीदाराला गाणाऱ्याचा चेहरा कडेनं दिसतो आणि श्रोत्यांचा समोरून. दोघांना एकाच वेळी पाहणारा मंचावर तो एकटाच. म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

तीन वर्षांमागं खानापूर तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाची सांगता होती. बुवांच्या डोक्यात सहा महिने एक चाल घोळत होती. नामदेवांचाच तो 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल', पण यमन रागाच्या अंगानं, संथ, प्रत्येक 'विठ्ठल' वेगळ्या जागी उतरणारा. ही चाल त्यांनी मागावर बांधली. दोन माग खडखडत असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. बुवा म्हणायचे, "तिथं मी वाट्टेल ते गातो. चुकलं तर धाग्याला कळतं." मी विचारलं, "आणि मला कधी ऐकवणार?" म्हणाले, "मंचावर."

तिथंच घोटाळा झाला. रूपाचा अभंग झाला, दोन गौळणी झाल्या, लोक खूश होते. मग बुवांनी नवी चाल धरली. पहिल्या ओळीला लोकांना शब्द कळले, टाळ्यांसाठी हात वर आले, आणि टाळी कुठं द्यायची ते कळेना म्हणून तसेच अधांतरी राहिले. दुसऱ्या ओळीला बुवा तीव्र मध्यमावर गेले आणि माझं बोट सवयीनं शुद्ध मध्यमावर पडलं. दोन मध्यम एकमेकांवर आपटले. बुवांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, पण कपाळावर आठी पडली. समोरच्यांना काय दिसलं? बुवांचं गाणं बिघडलं. पेटीवाला चुकला असं कुणी म्हणत नाही. त्या रात्री नवी चाल पडली त्यात माझ्या बोटाचा वाटा किती, हे मी अजून बुवांना नीट सांगितलेलं नाही. त्यांना कळलेलं असणारच.

तिसऱ्या ओळीआधी चिठ्ठी आली. 'ठरलेलं म्हणा.' मग मंडळाचा एक कार्यकर्ता कडेला येऊन हातानं खूण करायला लागला, की घड्याळ बघा. अभंग संपला तेव्हा एक आजोबा उठून उभे राहिले. रागावले नव्हते, दुखावल्यासारखे झाले होते. "बुवा, आमची पारंपरिक चाल सोडून हे काय नवीनच काढलासा? तेच म्हणा की." बुवांनी हात जोडले आणि तेच म्हटलं. मांडव जागा झाला. निघताना पाकीट हातात आलं त्यात ठरल्यापेक्षा पाचशे कमी होते.

परत येताना ट्रॅक्समध्ये कुणी बोललं नाही. रात्रीचा पाऊस, समोर उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागं पंधराच्या वेगानं आम्ही. देसूरच्या आसपास बुवा एकदम हसायला लागले. "पारंपरिक म्हणे. अरे, ती चाल राम फाटकांची आहे."

खरंच आहे. भीमसेन जोशींच्या तोंडून घराघरांत गेलेली ती चाल राम फाटक यांनी पुणे आकाशवाणीसाठी बांधलेली. शब्द नामदेवांचे, म्हणून लोकांना वाटतं चालही नामदेवांबरोबरच आली. त्या आजोबांचं वय पाहता, त्यांनी ती ऐन उमेदीत रेडिओवर पहिल्यांदा ऐकली असणार. तेव्हा त्यांच्या वडिलांना ती कशी वाटली असेल? 'हे काय नवीनच,' असंच ना? बुवा मात्र हे चिडून सांगत नव्हते. पाचशे रुपयांचं त्यांना लागलं होतं, कारण त्या महिन्यात एक माग बंद पडला होता. आजोबांचं लागलं नव्हतं. "त्या माणसानं त्या चालीवर आपली माणसं पोचवली असतील रे," म्हणाले. "मी तिथं यमन घेऊन गेलो."

कलावंतानं श्रोत्यांच्या मागं जाऊ नये, श्रोत्यांना वर ओढावं, असं सांगणारे बरेच भेटतात. बहुतेकांना महिन्याच्या एक तारखेला पगार असतो. मला ते कधी पटलं नाही. पण उलट बाजूचं, म्हणजे 'लोकांना हवं ते द्या, संपलं', हेही मी जवळून पाहिलंय. आमच्याच भागातला एक चांगल्या गळ्याचा मुलगा आता ट्रॅकवर गातो. पेनड्राइव्ह लावला की वीस वाद्यं वाजायला लागतात, मग तान कुठं घ्यायची, कुठं थांबायचं, सगळं आधीच ठरलेलं. एकदा मध्येच वीज गेली तर गडी ओळीच्या अर्ध्यावर गप्प झाला. शब्द येत होते, सूर येत होता, पण पुढं जायचं कसं तेच हरवलं होतं.

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. ओतीव लोखंड निवताना आकसतं. मीटरला साधारण 10 मिलिमीटर. म्हणून पॅटर्न नेमक्या मापाचा करून चालत नाही, आकसण्याचं धरून तेवढा मोठा करावा लागतो. आमच्याकडं त्यासाठी वेगळी पट्टीच असायची, जिचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा लांब. नवीन पोरगा तिनं चुकून दुसरंच काही मोजून बसला की दिवसभर हशा. श्रोत्यांच्या मनातलं गाणं मला त्या पट्टीनं मोजल्यासारखं वाटतं. त्यांनी ते एकदा ऐकलेलं असतं, मग वीस वर्षं मनात वाढवलेलं असतं. आम्ही समोर बसून गातो ते कितीही चोख गायलो तरी त्याच्याहून थोडं लहानच भरतं. ट्रॅकवाला मुलगा हुबेहूब गातो आणि तरी लोक म्हणतात, "चांगलं झालं, पण ते नाही." हुबेहूब हेच तर कमी पडतं.

सुळेभावीचा विचार या संदर्भात माझ्या मनात वारंवार येतो. बेळगावपासून फार लांब नाही ते गाव. 8 एप्रिल 1924 ला तिथं शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी नावाचा मुलगा जन्मला. लहानपणी त्याची ख्याती कशाची होती? नक्कलेची. नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकायच्या आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या. तान तीच, मुरकी तीच, तीन मिनिटांत बसवण्यासाठी त्या गवयानं केलेली घाईसुद्धा तीच. 'कुमार गंधर्व' हे नाव पडलं ते त्या वयात. श्रोत्यांना आणखी काय पाहिजे असतं? ओळखीचं गाणं, तेही कोवळ्या पोराच्या गळ्यातून. आयुष्यभर एवढ्यावर पोट भरलं असतं.

पुढं तो मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकायला गेला, आणि पुढची सगळी वाट त्या पोराच्या कीर्तीपासून लांब जाण्याची आहे. चाळीसच्या दशकाच्या शेवटी क्षय झाला. 30 जानेवारी 1948 ला, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, कुमार देवासला पोचले. त्यानंतर काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी, दारावरून जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजनं ऐकायची, एवढंच हातात. बरे होऊन 1953 च्या सुमारास परत गायला बसले तेव्हा त्यांच्याजवळ त्या लोकधुनांतून उगवलेले राग होते आणि कुणाच्याही तबकडीवर न सापडणारी गाण्याची रीत होती.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो 1965 च्या सुमाराचा त्यांचा कार्यक्रम, 'मला उमजलेले बालगंधर्व'. बालगंधर्व तेव्हा हयात होते. त्यांच्या पदांची फर्माईश म्हणजे महाराष्ट्राची आणि आमच्या भागाची सगळ्यांत जुनी, सगळ्यांत हळवी फर्माईश. लहानपणी कुणाचीही नक्कल उतरवणारा माणूस इथं बालगंधर्व सहज उतरवू शकला असता. त्याऐवजी त्यानं नावातच 'उमजलेले' असा शब्द घातला. तुम्हाला हवं तेच गातो, पण मला कळलं तसं. काहींना ते भावलं, काहींना तो अपराध वाटला.

आणि आता गंमत बघा. कुमारांनी देवासला ऐकून, स्वतःच्या दुबळ्या झालेल्या फुप्फुसातून काढलेलं हंसाचं ते निर्गुणी भजन आज आमच्याकडं शाळेच्या गॅदरिंगपासून श्रद्धांजली सभेपर्यंत फर्माइशीचं गाणं आहे. मुलं ते यूट्यूबवरून शिकतात. कुमारांचा श्वास जिथं तुटायचा, तिथं धडधाकट छातीचा मुलगा हौसेनं श्वास तोडतो. बेळगावात कुमारांच्या नावाचं कलामंदिर आहे. तिथं एकदा एका मुलीनं ते भजन गाताना मध्ये स्वतःची दोन आवर्तनं घातली. माझ्या मागच्या खुर्चीवरचे गृहस्थ कुजबुजले, "कुमारांनी असं नाही म्हटलेलं."

धारवाडच्या पट्ट्यातल्या बाकीच्यांनी हे दुखणं आपापल्या पद्धतीनं निभावलं. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या हलक्याफुलक्या गाण्यांच्याही होत्या. पुढं आवाज पालटला आणि त्यांनी ते सगळं मागं ठेवून ख्यालच धरला. मल्लिकार्जुन मन्सुरांनी नाटक कंपनीतून सुरुवात केली, मिरजेच्या नीळकंठबुवांकडं शिकले, मग मंजीखाँ आणि भुर्जीखाँ. त्यांच्या पोतडीतून असे राग निघत की जाणकारांनाही क्षणभर कान टवकारावे लागत. शेवटी लोक त्यांच्याकडं अनवट रागांचीच फर्माईश करायला लागले. म्हणजे न ओळखीचं हेच ओळखीचं झालं. हा त्यांचा विजय की आमचं अंगवळणी पाडून घ्यायचं कसब, मला ठरवता येत नाही. भीमसेनांची तऱ्हा आणखी वेगळी. मोजके राग, तेच पुन्हा पुन्हा, दरवेळी खोल. आणि 'संतवाणी'त तर मांडवभर लोकांना हवं तेच. पण ज्यांनी त्यांना दोन-तीन वेळा ऐकलंय त्यांना विचारा. चाल तीच, पण 'विठ्ठल' हा शब्द दोनदा एकसारखा नाही.

खानापूरच्या त्या रात्रीनंतर बुवांनी वर्षभर नवीन काही काढलं नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "माग दुरुस्त होऊ दे." माग दुरुस्त झाला. तरी गप्पच.

मग चिकोडी तालुक्यातलं एक बोलावणं आलं. त्या भागात मांडवात बसलेले निम्मे लोक मराठी बोलणारे, निम्मे कानडी, आणि बरेचसे दोन्ही. तिथं फर्माईशही दोन भाषांत येते. मराठी चिठ्ठी संपते न संपते तोवर मागून आवाज, "इन्नोंद हाडरी!" आणखी एक म्हणा. आणि ते एक म्हणजे पुरंदरदासांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा', तेही भीमसेनांसारखंच. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला 'कानडा' आणि 'कर्नाटकु' म्हटलंय ते या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फलक कुठल्या भाषेत असावा यावरून आमच्याकडं डोकी फुटली आहेत. चाल कुठल्या भाषेतली यावरून भांडण झालेलं मला तरी आठवत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी वडगावला गेलो तर माग चालू होते आणि बुवा त्या खडखडाटात काहीतरी गात होते. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. माग थांबवले तेव्हा म्हणाले, "आज्जीचं आठवलं." त्यांची आज्जी गोकाककडची. तिकडं श्रीकृष्ण पारिजात हे कानडी खेळ रात्रभर चालतात. रुक्मिणी, सत्यभामा, ते पारिजातकाचं फूल आणि दोघींची ठसन. कुळगोडच्या तम्मण्णांनी घडवलेला तो खेळ. कौजलगी निंगम्मा त्यात उभी राहायची तेव्हा गावंच्या गावं बैलगाड्या जोडून येत, असं जुनी माणसं सांगतात. आज्जीला त्यातली पदं पाठ होती. भाकरी थापताना म्हणायची. शब्द बुवांना अर्धेमुर्धे आठवत होते, चाल मात्र पक्की बसली होती. काफीच्या वळणाची, जरा झोका घेणारी.

"ह्या चालीवर वृक्षवल्ली बसते बघ," म्हणाले, आणि तुकोबांच्या ओळी त्यांनी त्या झोक्यावर सोडल्या. मी पेटी नेली नव्हती. मागाच्या लाकडावर बोटं ठेवून नुसते सूर शोधत बसलो. बसत होती, अगदी मापात.

मला अण्णासाहेब किर्लोस्कर आठवले. गुर्लहोसूर हे त्यांचं गाव आमच्याच जिल्ह्यातलं. काही काळ ते बेळगावात होते. 1880 साली पुण्यात पारशी मंडळींचा खेळ पाहून मराठीत असं का होऊ नये म्हणून ईर्ष्येला पेटले, आणि त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. पुढं 1882 साली 'सौभद्र'. ते पदांमागून पदं लिहीत गेले, आणि चाली आणल्या कुठून? कीर्तनातून, साकी-दिंडीतून, लावणीतून, आणि लहानपणापासून कानांवर पडलेल्या कानडी पदांतून. पुण्याच्या श्रोत्याला ते नवं वाटलं. गुर्लहोसूरच्या माणसाला ते घरचं होतं. आज 'नाट्यपद म्हणजे अस्सल मराठी' असं आम्ही छाती फुगवून म्हणतो, तेव्हा मला त्या कानडी आया आठवतात, ज्यांच्या ओव्या-पदांतून ते सूर आले असतील.

मी बुवांना हे सांगितलं. बुवा म्हणाले, "ते मोठे लोक. आपल्याला पाकिटात पाचशे कमी आले तर?" मग थोड्या वेळानं, "पण तू या वेळी आधी बसवून घे. मध्यम बघून ठेव." म्हणजे कळलं होतंच.

त्या रात्री चिकोडीकडं आम्ही दोनदा तालीम करून बसलो. बुवांनी आधी लोकांना हवं ते सगळं दिलं. 'तीर्थ विठ्ठल' झालं, लक्ष्मी बारम्मा झालं, गजर झाला. मांडव भरल्या पोटानं सैलावला. खानापूरला आम्ही हेच उलटं केलं होतं, उपाशी माणसासमोर नवा पदार्थ ठेवला होता. मग कसलीही प्रस्तावना न करता बुवांनी 'वृक्षवल्ली' काढली.

मी समोर बघत होतो. उजवीकडं बसलेल्या मराठी मंडळींच्या चेहऱ्यावर तेच, शब्द ओळखीचे, चाल कुठली? हात टाळीसाठी वर, आणि थांबलेले. पण या वेळी डावीकडं काहीतरी हललं. तीन-चार म्हाताऱ्या कानडी बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं मान डोलवायला सुरुवात केली, झोका नेमका जिथं पडत होता तिथं. तिला शब्द पुरते कळत नसावेत, पण चाल तिच्या आईच्या घरची होती. दुसऱ्या आवर्तनाला तिनं टाळी धरली. डावीकडची टाळी ऐकून उजवीकडच्यांना टाळीची जागा सापडली. उजवीकडच्यांच्या ओठांवर शब्द होते, ते त्या बायकांच्या झोक्यावर चढले. अर्धं गाणं इकडच्यांना येत होतं, अर्धं तिकडच्यांना. मला वाजवता वाजवता हसू फुटलं. आणि मध्यम बरोबर लागला.

तिसऱ्या ओळीला एका जागी बुवा गांधारावर थांबले. एकदम थांबले, तीन-चार मात्रा. तबलजी चपापला, त्यानं हात उचलून धरला. मांडव गप्प. मग बुवा पंचमावर उतरले आणि लोकांनी "आहा" केलं.

चिठ्ठी आली. 'मघाचं ते परत म्हणा.' गाण्याला नावच नव्हतं, त्यामुळं बिचाऱ्यानं आणखी काय लिहावं? पेटीवर आलेली ती पहिली चिठ्ठी, जिच्यावर जुनं गाणं मागितलेलं नव्हतं. मी बुवांच्या कानाशी गेलो. ते हळूच म्हणाले, "आता परत? मघाशी काय काय केलं ते कुणाला आठवतंय?" आणि परत गायले, जरा वेगळं.

या गोष्टीला इथंच सोडलं असतं तर बरं दिसलं असतं.

दीड महिन्यानं हुक्केरी तालुक्यात कार्यक्रम होता. मंचावर चढायच्या आधी विशीतला एक मुलगा फोन घेऊन आला. चिकोडीकडच्या त्या रात्रीचं कुणीतरी चित्रीकरण केलं होतं आणि ते या फोनवरून त्या फोनवर फिरत इथवर पोचलं होतं. "बुवा, आज हे पाहिजे. हेच. असंच म्हणा." आवाज फाटका, पण बुवाच. शेजारी मी, तोंड वासून पेटी वाजवतोय. बुवांनी फोन कानाशी धरून सगळं ऐकलं. त्या गांधारावर आल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या.

"इथं मी का थांबलोय रे?"

"ठसका लागला होता तुम्हाला," मी म्हटलं. "मुखशुद्धीची बडीशेप अडकली होती."

मुलगा आमच्याकडं बघत राहिला. "ती जागाच तर एक नंबर आहे, काका," म्हणाला.

त्या रात्री 'वृक्षवल्ली' आली तेव्हा मी पुढच्या रांगेकडं लक्ष ठेवून होतो. पाच-सहा मुलं होती. तिसरी ओळ सुरू झाली तशी त्यांनी हात वर नेले आणि गांधारापाशी सगळे एकदम थांबून बसले, श्वास धरून. बुवांनी डोळे उघडले, त्यांच्याकडं पाहिलं, जरासे हसले आणि गांधाराला नुसता स्पर्श करून सरळ पंचमावर गेले. न थांबता. मुलांचे हात तसेच वर राहिले. त्या मुलानं फोन खाली घेतला.

मध्यंतरात चहा आला तेव्हा पेटीवर एक चिठ्ठी होती. वहीचं पान, निळी शाई, घाईतलं अक्षर. 'मघाचं तेच परत. पण थांबून.'

मी ती बुवांना दाखवली. त्यांनी वाचली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ठेव तुझ्या खोक्यात."